वकीलताईंचा सल्ला : पहिलं लग्न शून्य असेल, तर थेट दुसरं करता येतं का?

मागच्या अंकात विवाहनोंदणीबद्दल लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. ‘पहिलं लग्न कायद्याने लग्नच नव्हतं म्हणतात, मग दुसरं करायला कोर्टात कशाला जायचं?’ वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा तो दुसरं लग्न उरकल्यावर भेटतो. म्हणून या वेळचं पान याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : माझं वय ३४, भांडुपला आईकडे राहते. २०१६ साली हॉल, भटजी, सप्तपदी असं रीतसर लग्न झालं. दोन वर्षांनी कळलं की नवऱ्याची पहिली बायको सातारा जिल्ह्यात गावी आहे आणि कोर्टातून घटस्फोट झालेला नाही. मी मुलीला घेऊन निघून आले. आता ऑफिसमधल्या एका सज्जन माणसाने मला मागणी घातली आहे, मुलीसकट. भाऊ म्हणतो, ‘तुझं लग्न झालंच नव्हतं, मग घटस्फोट कसला? सरळ रजिस्टर लग्न कर.’ सासरचे म्हणतात, पहिलीची काडीमोड गावकीत झाली होती, स्टँपपेपर आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचा भाऊ सांगतो ते अर्धं खरं आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधल्या कलम ५ची पहिलीच अट अशी की लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही नवरा किंवा बायको हयात नसावी. ही अट मोडली तर कलम ११ प्रमाणे ते लग्न शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी कधी झालंच नाही. हॉल, भटजी, सप्तपदी, पंगती, कशानेही ते उभं राहत नाही. पहिली बायको पुढे वारली किंवा पुढे घटस्फोट झाला, तरी फरक पडत नाही. तुमच्या लग्नाच्या दिवशी काय स्थिती होती तेवढंच पाहतात. आपल्या मुंबई प्रांतात तर हिंदूंमधली द्विभार्याबंदी १९४६ सालीच आली, देशभराचा कायदा होण्याच्या नऊ वर्षं आधी. त्यामुळे ‘आमच्याकडे चालतं’ हे मला कुणी सांगितलं की वाईट वाटतं. चालत नाही, आणि न चालण्याला पाऊणशे वर्षं उलटून गेली. १९८८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं लग्न मुळापासूनच शून्य असतं, कोर्टाकडून तसं जाहीर करून घेणं सक्तीचं नाही. भावाने बहुधा हेच कुठेतरी वाचलं असावं.

आता उरलेलं अर्धं. लग्न शून्य होतं हे ठरवायचं कुणी? तुम्ही? भावाने? सगळी मेख त्या स्टँपपेपरात आहे. कलम २९ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट कायम ठेवला आहे. ज्या समाजात काडीमोडीची जुनी, अखंड चालत आलेली रूढी खरोखरच आहे, तिथे कोर्टात न जाताही लग्न मोडू शकतं. उद्या तुमच्या नवऱ्याने ही रूढी आणि ती काडीमोड दोन्ही सिद्ध केली, तर २०१६ साली तो मोकळा होता. म्हणजे तुमचं लग्न पक्कं. आणि तुम्ही मधल्या काळात दुसरं केलेलं असेल, तर शून्य ठरेल ते तुमचं दुसरं लग्न, आणि द्विविवाहाची आरोपी व्हाल तुम्ही. फसवली गेलेली बाई स्वतःच पिंजऱ्यात उभी, ही कल्पनाही मला सहन होत नाही. म्हणूनच आधी कोर्टाचा निकाल घ्या म्हणून मी इतकी मागे लागते आहे.

घाबरू मात्र नका. रूढी सिद्ध करणं सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं की रूढीचा घटस्फोट हा अपवाद आहे. जो त्याचा आधार घेतो त्याने ती रूढी नेमकेपणाने मांडून पुराव्याने शाबीत केली पाहिजे. चार पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का एवढ्याने भागत नाही. त्या स्टँपपेपरची झेरॉक्स काहीही करून मिळवा आणि मागची बाजू बघा. स्टँप कुणाच्या नावाने, कुठल्या तारखेला घेतला, याचा विक्रेत्याचा शेरा तिथे असतो. सोडचिठ्ठीवरची तारीख आधीची आणि कागद विकला गेला नंतर, असे दस्त मी स्वतः हाताळले आहेत. अशा कागदाबद्दल उलटतपासणीत दोन प्रश्न विचारले की पुरतं.

भाऊ म्हणतो ते रजिस्टर लग्नही डोळ्यांसमोर आणा. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, आणि कुणाचं पूर्वीचं लग्न कायम आहे असं वाटलं तर कोणीही हरकत घेऊ शकतं. तुमचा नवराही. शिवाय आपण अविवाहित, विधवा की घटस्फोटित, हे प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं. तुम्ही यातलं काय लिहाल? हातात शून्यतेची डिक्री, म्हणजे लग्न शून्य असल्याचा कोर्टाचा हुकूमनामा, असली तर हा प्रश्नच उरत नाही.

तर करायचं असं. कलम ११ खाली विवाह शून्य असल्याचं जाहीर करून मागणारा अर्ज करा. त्याच अर्जात पर्यायी मागणी घाला, की लग्न वैध ठरलंच तर क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळावा. दोन्ही वाटा एकाच अर्जात आल्या म्हणजे काडीमोडीचा निकाल कसाही लागो, तुम्हाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही. तुम्ही भांडुपला राहता, त्यामुळे अर्ज वांद्र्यालाच करता येईल. बायको जिथे राहते तिथे अर्ज करण्याची सोय कायद्यात २००३ पासून आहे. शून्यतेच्या अर्जाला मुदत नाही, उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका.

पुराव्यासाठी पहिल्या लग्नाची पत्रिका, मुंडावळ्या बांधलेला फोटो, ग्रामपंचायतीतली नोंद, रेशनकार्डावर किंवा मतदारयादीत तिच्या नावापुढे लागलेलं त्याचं नाव, मुलांच्या शाळेचे दाखले, जे मिळेल ते जमवा. सगळ्यांत मोलाची साक्ष त्या पहिल्या बाईंचीच. त्यांच्याकडे सवतीसारखं जाऊ नका. एकाच माणसाने दोघींनाही फसवलं आहे, आणि त्या साक्षीला उभ्या राहिल्या तर दोघींचंही भलं होईल. अशा बायका येतात, मी पाहिलं आहे. नीट, मानाने विचारलं तर येतात.

मुलीची काळजी पत्रात शब्दाने नाही, पण ओळीओळीत जाणवली. लग्न शून्य ठरलं तरी कलम १६ प्रमाणे तुमची मुलगी औरसच. वडिलांच्या मालमत्तेत तिचा हक्क आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जे येईल त्यातही अशा मुलांना हिस्सा मिळतो. शाळेच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव आहे तसंच राहू द्या.

पैशाचंही बोलू या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की लग्न शून्य ठरलं तरी कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते आणि खटला चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगीही. देणं न देणं कोर्ट परिस्थिती पाहून ठरवतं. पोटगी मिळाल्यावर तुम्ही पुन्हा लग्न केलंत, तर ती रद्द करून मागण्याचा हक्क नवऱ्याला आहे, तेव्हा हिशोब आधीच नीट मांडा. मुलीचा खर्च मात्र तुमच्या लग्नाने थांबत नाही. तुमचं स्त्रीधनही तुमचंच.

फौजदारी तक्रार करायची की नाही, हे तुम्ही ठरवा. तुमचं लग्न १ जुलै २०२४ पूर्वीचं, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतील: द्विविवाहाबद्दल ४९४, आणि पहिलं लग्न लपवल्याबद्दल ४९५, ज्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फसवली गेलेली दुसरी पत्नीही ही तक्रार करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं आहे.

आणि त्या सज्जन गृहस्थांना हे पान वाचायला द्या. थांबायला लागेल ते का, हे त्यांना कळलं पाहिजे.

प्रश्न : मी २४ वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी मित्राबरोबर एका एजंटच्या ऑफिसात जाऊन ‘कोर्ट मॅरेज’ केलं. हार घातले, फोटो काढले, सह्या केल्या. ‘वैदिक पद्धतीने विवाह संपन्न’ असं एका विवाह संस्थेचं सर्टिफिकेट मिळालं. एक दिवसही एकत्र राहिलो नाही. आता ठाण्याचं स्थळ आलंय, सगळ्यांना पसंत आहे. आई म्हणते, जुनं काही बोलू नकोस.

उत्तर : बाळा, ते कोर्ट मॅरेज नव्हतं. कोर्टासमोरच्या गल्लीत झालेलं लग्न कोर्टातलं होत नाही. त्या सर्टिफिकेटवर ‘वैदिक पद्धत’ छापलेली असली तरी विधी झाले का, हा खरा प्रश्न. हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ दोघांपैकी कुणाच्याही समाजाचे रूढ विधी मागतं. सप्तपदी हा ज्यांच्या विधीचा भाग आहे त्यांची सप्तपदी. बौद्ध पद्धतीचा विवाह असेल तर त्या पद्धतीचे विधी. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगदी अशाच प्रकरणात सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने किंवा नोंदणीने लग्न होत नाही.

तेव्हा त्या दिवशी नेमकं काय झालं, हे स्वतःशी खरं आठव. भटजी होते का? होम पेटवला होता का? फेरे झाले का? यातलं काही नसेल, तर फॅमिली कोर्टाकडून ‘आमच्यात विवाह झालेला नाही’ असं जाहीर करून मागता येतं. विधी झाले असतील, तर मात्र एकत्र राहिला नाहीत तरी ते लग्न लग्नच आहे. मग त्या मुलाशी बोलून संमतीने घटस्फोट घेणं सगळ्यांत सरळ. वर्षभराहून जास्त वेगळे आहातच, आणि सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते, हे २०१७ पासून ठरलेलं आहे. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंद झाली होती का, तेही शोध. पुष्कळ मुलींना आपण कशाकशावर सह्या केल्या हेच माहीत नसतं.

आईला माझ्यातर्फे सांग: लपवणं हाच यातला सगळ्यांत मोठा धोका आहे. लग्नाची संमती महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवली, तर ते कळल्यापासून वर्षभरात नवरा कलम १२ खाली लग्न रद्द करून मागू शकतो. आणि जुनं लग्न वैध ठरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे, पूर्वीचं लग्न लपवून दुसरं केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. ठाण्याच्या मुलाला तू स्वतः, साखरपुड्याआधी सांग. तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल, रडशील. पण लग्नानंतर तो फोटो कुणीतरी त्याच्या मोबाइलवर पाठवण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : माझं लग्न मामाच्या मुलीशी झालं, पटत नाही. मित्र म्हणतो, जवळच्या नात्यातलं लग्न शून्य असतं, घटस्फोटाची गरज नाही. (गोरेगाव)

उत्तर : मित्राचं ऐकू नका. निषिद्ध नात्यातलं लग्न शून्य असतं हे खरं, पण कायद्यातच रूढीचा अपवाद आहे, आणि मामाची मुलगी करण्याची रूढी महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मावस किंवा चुलत भावंडांची गोष्ट वेगळी. तुमचं लग्न वैध धरूनच चाला. पटत नसेल तर समुपदेशकाकडे जा, नाहीच जमलं तर घटस्फोट घ्या. मामाच्या मुलीला ‘आपलं लग्न झालंच नव्हतं’ असं सांगायला मात्र जाऊ नका.

प्रश्न : मी लालबागला राहतो, वय ५८. पत्नी नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेली, तिचा पत्ता नाही. पोलिसांत तक्रार दिली होती. एका विधवा बाईंशी लग्न करायचा विचार आहे. सात वर्षं झाली की लग्न आपोआप संपतं ना?

उत्तर : काका, आपोआप काहीच संपत नाही. सात वर्षं जिची काही खबर नाही ती व्यक्ती मरण पावली असं कोर्ट गृहीत धरू शकतं, आणि फौजदारी कायद्यातही अशा माणसाला अपवाद आहे, मात्र नव्या जोडीदाराला सगळी खरी परिस्थिती आधी सांगितलेली हवी. पण हा अपवाद तुम्हाला शिक्षेपासून वाचवतो, तुमचं दुसरं लग्न वाचवत नाही. पत्नी हयात निघाली तर ते शून्यच.

यात नुकसान कुणाचं, हे पाहा. त्या बाईंचं. तुमच्या पश्चात पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, लालबागची खोली, सगळीकडे त्यांना विचारलं जाईल की पहिल्या लग्नाचं काय झालं, आणि उत्तर द्यायला तुम्ही नसाल. एकदा वैधव्य सोसलेल्या बाईवर ही वेळ आणू नका.

मार्ग सरळ आहे. सात वर्षं ठावठिकाणा नसणं हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाचं स्वतंत्र कारण आहे. पोलीस तक्रारीची प्रत काढा, पत्नीच्या माहेरच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं घ्या, कारण ती जिवंत असती तर तिची खबर आधी त्यांना लागली असती. नोटीस पेपरात द्यावी लागेल. समोर कुणी आलं नाही तर खटला एकतर्फी चालतो, पण पुरावा द्यावाच लागतो. डिक्री मिळाल्यावर उद्या पत्नी परत आली, आणि यावी अशीच प्रार्थना करू या, तरी तुमचं नवं लग्न अबाधित राहील.

प्रश्न : आम्ही गोराईचे, कॅथलिक. चर्चच्या ट्रिब्युनलने माझं लग्न शून्य ठरवलं. मी पुन्हा लग्न करू शकते का?

उत्तर : चर्चमध्ये करू शकाल, कायद्याने अजून नाही. चर्चच्या निर्णयाने देशाच्या कायद्यातलं लग्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितलं आहे. १९९६च्या खटल्यातल्या बाईंनी चर्चच्या निर्णयावर विसंबून दुसरं लग्न केलं आणि तेच शून्य ठरलं.

१८६९चा घटस्फोट कायदा तुम्हाला लागू होतो. त्यात शून्यतेची कारणं मोजकीच आहेत: नपुंसकता, निषिद्ध नातं, वेड, आधीचं लग्न कायम असणं, आणि जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली संमती. चर्च ‘लग्नासाठी मनाची पुरेशी परिपक्वता नव्हती’ हे कारण मान्य करतं, कोर्टात ते चालेलच असं नाही. तुमच्या निर्णयपत्रात कारण काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा. नवराही मोकळा व्हायला तयार असेल तर संमतीने घटस्फोट सोपा पडेल. त्यासाठी कायद्यात दोन वर्षं वेगळं राहण्याची अट आहे. ट्रिब्युनलसमोर दिलेल्या साक्षींचा शीण आला असेल, समजू शकते, पण ही एक पायरी अजून चढायची आहे.

प्रश्न : गेल्या महिन्यात मला भांडून घटस्फोट मिळाला. पुढच्या महिन्यातला हॉल बुक करू का? (कुर्ला)

उत्तर : थांबा. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील फेटाळलं जाईपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ सांगतं. फॅमिली कोर्टाच्या निकालावर ही मुदत ३० दिवसांची की ९० दिवसांची, हा वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांसाठी ९० दिवस धरले. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून हिशोब काठावरचा करू नका. मुदत संपली की अपील दाखल नाही ना, हे उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर दोघांच्या नावाने शोधून पाहा, वकिलाकडून खात्री करून घ्या आणि मगच हॉलला पैसे भरा.